ग्रामीण दूरध्वनी आणि रास्त दर : कायद्याचे वचन आणि नियमनाची वाटचाल

गावात दूरध्वनी पोहोचणे ही एक गोष्ट आणि तो गावकऱ्याला परवडणे ही दुसरी. भारतीय कायद्याने मात्र या दोन्ही गोष्टी एकाच व्याख्येत बांधल्या होत्या. भारतीय तार अधिनियम, १८८५ मध्ये २००३ च्या दुरुस्ती कायद्याने ‘सार्वत्रिक सेवा दायित्व’ ही संकल्पना समाविष्ट झाली. ग्रामीण आणि दुर्गम भागांतील लोकांना परवडणाऱ्या व वाजवी दरात सेवा उपलब्ध करून देण्याचे बंधन, असा तिचा अर्थ कायद्यातच नमूद करण्यात आला. त्यानंतरच्या दोन दशकांत या वचनाचा पहिला भाग, म्हणजे सेवेची पोहोच, मोठ्या प्रमाणावर पूर्ण झाला. दुसऱ्या भागाची, म्हणजे दराची, जबाबदारी प्रामुख्याने बाजारातील स्पर्धेवर सोपवण्यात आली. स्पर्धक कमी झाले आणि २०२४ मध्ये दर वाढले, तेव्हा तो दुसरा भाग पुन्हा चर्चेत आला.

ग्रामीण जोडणी महाग का पडते

दूरध्वनीच्या तारेचा किंवा मनोऱ्याचा खर्च ग्राहकांच्या संख्येवर विभागला जातो. शहरातील एका मनोऱ्याच्या कक्षेत हजारो ग्राहक असतात. डोंगराळ किंवा विरळ वस्तीच्या भागात तेवढ्याच खर्चाच्या मनोऱ्याला काही शे ग्राहकही मिळत नाहीत. विजेचा पुरवठा खंडित झाला की डिझेलवरील जनित्र चालवावे लागते. मनोऱ्याला मुख्य जाळ्याशी जोडणारी प्रकाशीय तंतूंची वाहिनी अनेक किलोमीटर लांब टाकावी लागते. दुसरीकडे ग्राहकाची खर्च करण्याची क्षमता शहरापेक्षा कमी असते. केवळ नफ्याचा विचार करणारी कंपनी त्यामुळे अशा गावात स्वतःहून जात नाही आणि गेलीच तर खर्च भरून निघेल असा दर तिथल्या ग्राहकाला पेलत नाही. ही दरी कोणी आणि कशी भरायची, हाच ग्रामीण दूरसंचाराच्या नियमनाचा गाभा आहे.

ट्रंक कॉलपासून गावच्या सार्वजनिक दूरध्वनीपर्यंत

कोलकाता, मुंबई आणि चेन्नई येथे १८८२ मध्ये दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. त्यानंतर शंभर वर्षे दूरध्वनी ही मुख्यतः शहरांची आणि शासकीय कार्यालयांची सोय राहिली. ग्रामीण भागात टपाल कार्यालयातील एखादा दूरध्वनी आणि त्यावरून नोंदवावा लागणारा ट्रंक कॉल एवढीच व्यवस्था अनेक ठिकाणी होती. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने भारतीय हवामानात वातानुकूलनाविना चालेल असे छोटे ग्रामीण स्वयंचलित केंद्र विकसित केले. असे पहिले केंद्र १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे कार्यान्वित झाले. पुढील काही वर्षांत एसटीडी-आयएसडी-पीसीओ अशी अक्षरे रंगवलेल्या पिवळ्या पाट्या बाजारपेठांच्या गावांतून दिसू लागल्या. रात्री उशिरा दर उतरले की या बूथसमोर रांगा लागत.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत सर्व गावांत दूरध्वनी पोहोचवण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते मुदतीत पूर्ण झाले नाही. १९९९ च्या नव्या धोरणाने ग्रामीण भागातील दूरध्वनी घनता, म्हणजे दर शंभर लोकांमागे असलेल्या जोडण्या, ०.४ वरून २०१० पर्यंत ४ वर नेण्याचे ठरवले. भ्रमणध्वनीच्या प्रसारामुळे हे लक्ष्य मुदतीआधीच कितीतरी मागे पडले. राहून गेलेल्या ६६,८२२ महसुली गावांत सार्वजनिक दूरध्वनी बसवण्याचे काम ‘भारत निर्माण’ कार्यक्रमात भारत संचार निगमकडे (बीएसएनएल) सोपवण्यात आले. तार नेणे शक्य नसलेल्या गावांसाठी उपग्रहाचा आधार घेण्यात आला.

दरांचे नियमन : एकाच्या नफ्यातून दुसऱ्याची तूट

खासगी कंपन्यांना प्रवेश मिळण्यापूर्वी ग्रामीण दूरध्वनीचा खर्च खात्याच्या अंतर्गत हिशेबातच भागवला जात असे. लांब पल्ल्याच्या आणि परदेशी संभाषणांचे दर खर्चाच्या मानाने खूप जास्त ठेवलेले होते. त्यातून मिळणाऱ्या नफ्यावर मासिक भाडे आणि स्थानिक संभाषणाचे दर खाली ठेवता येत. स्पर्धा सुरू झाल्यावर ही पद्धत टिकणे अशक्य होते, कारण नवी कंपनी सर्वप्रथम नफ्याचे लांब पल्ल्याचे ग्राहकच आपल्याकडे ओढणार हे उघड होते.

२० फेब्रुवारी १९९७ रोजी भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची (ट्राय) स्थापना झाली. प्राधिकरणाच्या कायद्यातील कलम ११(२) नुसार देशातील दूरसंचार सेवांचे दर अधिसूचनेद्वारे ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. कारणे नोंदवून वेगवेगळ्या ग्राहकवर्गांसाठी वेगळे दर ठरवण्याची मुभाही याच कलमात आहे. १९९९ च्या दर आदेशाने लांब पल्ल्याचे दर टप्प्याटप्प्याने खाली आणले आणि भाडे खर्चाच्या जवळ नेले. ग्रामीण ग्राहकांचे भाडे मात्र शहरी ग्राहकांपेक्षा कमी ठेवण्यात आले.

भाडे खर्चापेक्षा कमी ठेवल्याने पडणारी तूट भरून काढण्यासाठी २००३ मध्ये ‘ॲक्सेस डेफिसिट चार्ज’ हा आकार लागू झाला. इतर कंपन्यांच्या संभाषणांवर तो आकारून त्याची रक्कम मुख्यतः बीएसएनएलकडे वळवली जात असे. खासगी कंपन्यांनी त्याला सातत्याने विरोध केला. २००८ मध्ये हा आकार संपुष्टात आला. त्यानंतर १ एप्रिल २००२ पूर्वी बसवलेल्या ग्रामीण तारजोडण्या टिकवण्यासाठी सार्वत्रिक सेवा निधीतून बीएसएनएलला जुलै २००८ पासून तीन वर्षे दरसाल २,००० कोटी रुपये देण्यात आले. तूट भरून काढण्याचा भार अशा रीतीने संभाषणाच्या दरातून निघून निधीकडे गेला.

निधी कसा उभा राहतो

सार्वत्रिक सेवा दायित्व निधी १ एप्रिल २००२ पासून अस्तित्वात आला. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित सकल महसुलाच्या ८ टक्के परवाना शुल्क सरकारला देतात; त्यातील ५ टक्के वाटा या निधीसाठीची आकारणी म्हणून गणला जातो. शहरी ग्राहकाच्या देयकाचा एक अंश अशा रीतीने ग्रामीण जाळ्याच्या उभारणीकडे वळतो.

ही रक्कम थेट निधीच्या खात्यात जमा होत नाही. ती प्रथम भारताच्या संचित निधीत जाते आणि संसदेच्या मंजुरीनंतर निधीला उपलब्ध होते. जमा झालेली रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च यांत हजारो कोटी रुपयांचे अंतर राहिल्याबद्दल निधीवर अनेक वर्षे टीका होत आली आहे.

निधीतून अनुदान देताना बहुतांश योजनांत उलट्या लिलावाची पद्धत वापरली जाते. ठरावीक भागात सेवा देण्यासाठी जी कंपनी सर्वांत कमी अनुदान मागते, तिला काम मिळते. सुरुवातीला निधी केवळ मूलभूत दूरध्वनी सेवेपुरता होता. २००६ च्या दुरुस्तीने भ्रमणध्वनी आणि ब्रॉडबँडसाठीही तो खुला झाला. त्यानंतरच्या पहिल्या मोठ्या योजनेत ५०० जिल्ह्यांत ७,३५३ मनोरे उभारण्यात आले. नक्षलग्रस्त भागांसाठीच्या योजनेतून पहिल्या टप्प्यात दहा राज्यांत २,३४३ मनोरे उभे राहिले. महाराष्ट्र या दहा राज्यांपैकी एक होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये आंध्र प्रदेश, छत्तीसगड, झारखंड, महाराष्ट्र आणि ओडिशा या पाच राज्यांच्या आकांक्षित जिल्ह्यांतील ७,२८७ गावांसाठी ६,४६६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. जुलै २०२२ मध्ये सेवेपासून वंचित असलेल्या २४,६८० गावांत फोर-जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर झाले. ग्रामपंचायतींना प्रकाशीय तंतूंनी जोडणाऱ्या ‘भारतनेट’च्या सुधारित कार्यक्रमाला ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली.

या सर्व योजनांत एक समान धागा आहे. अनुदान मनोऱ्याला, तारेला किंवा कंपनीला मिळते. मनोऱ्याखाली राहणाऱ्या ग्राहकाच्या महिन्याच्या खर्चात त्यातून थेट काही कमी होत नाही.

स्पर्धेने दर उतरवले

३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण झाले, तेव्हा मिनिटाचा दर १६ रुपयांच्या घरात होता आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. मे २००३ पासून कॉल करणाऱ्यानेच पैसे देण्याची पद्धत आली आणि येणारे कॉल मोफत झाले. ग्रामीण भागात भ्रमणध्वनी पसरण्यामागे हा निर्णय फार महत्त्वाचा ठरला, कारण शिल्लक नसली तरी बाहेरगावी असलेल्या नातेवाइकाचा फोन घेता येऊ लागला.

याच सुमारास प्राधिकरणाने भ्रमणध्वनीचे दर ठरवण्यात हस्तक्षेप न करण्याचे धोरण स्वीकारले. ग्रामीण भागातील स्थिर दूरध्वनी, राष्ट्रीय रोमिंग आणि भाडेतत्त्वावरील जोडण्या असे मोजके अपवाद वगळता कंपन्या आपले दर स्वतः ठरवू लागल्या. नवा दर लागू केल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत तो प्राधिकरणाला कळवणे, दर पारदर्शक ठेवणे आणि ग्राहकांत भेदभाव न करणे एवढी बंधने राहिली.

पुढील काही वर्षे या धोरणाला यश आले. अनेक परिमंडळांत दहाहून अधिक कंपन्या एकमेकींशी झुंजत होत्या. एका कंपनीच्या जाळ्यातून दुसरीच्या जाळ्यात जाणाऱ्या कॉलसाठीचा आकारही प्राधिकरणाने उतरवत नेला. तो २००९ मध्ये मिनिटाला २० पैसे, २०१५ मध्ये १४ पैसे आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ६ पैसे झाला. जानेवारी २०२१ पासून तो शून्य आहे. इंटरनेटचा दर त्याहून वेगाने घसरला. सरकारी आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एक जीबी डेटासाठी सरासरी २६९ रुपये लागत. २०२४ मध्ये हा खर्च १० रुपयांखाली आला.

फेब्रुवारी २०१६ मध्ये प्राधिकरणाने आणखी एक सीमारेषा आखली. ठरावीक संकेतस्थळेच मोफत देणाऱ्या योजना गरिबांना इंटरनेटची ओळख करून देतील, असा युक्तिवाद त्या काळी केला जात होता. मजकुराच्या आधारे डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास प्राधिकरणाने मनाई केली. गावातील ग्राहकाला कमी पैशांत सेवा मिळावी, पण इंटरनेटचा निवडक तुकडा तेवढा त्याच्या वाट्याला येऊ नये, असा या निर्णयाचा आशय होता.

स्पर्धक घटले, तळाचा दर चढला

२ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओचा प्रवेश झाला आणि त्यानंतरच्या दरयुद्धात अनेक कंपन्या बंद पडल्या किंवा विलीन झाल्या. आता बाजारात तीन खासगी कंपन्या आणि सरकारी क्षेत्रातील बीएसएनएल व एमटीएनएल एवढेच सेवापुरवठादार उरले आहेत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले.

प्रति जीबी सरासरी दर पाहिला तर भारतातील सेवा स्वस्त आहे. ज्याला केवळ बोलायचे आहे आणि क्रमांक चालू ठेवायचा आहे, अशा ग्राहकासाठी मात्र हे मोजमाप उपयोगाचे नाही. त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो महिनाभर सेवा चालू ठेवणारा सर्वांत स्वस्त रिचार्ज. भारती एअरटेलचा असा रिचार्ज २०२२ पर्यंत ९९ रुपयांचा होता. २०२३ च्या पूर्वार्धात तो १५५ रुपयांवर गेला. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर या कंपनीचा महिनाभर अमर्याद बोलण्याचा सर्वांत स्वस्त पर्याय १९९ रुपयांचा झाला. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्र सरकारचा वाटा महिन्याला २०० रुपये आहे; राज्ये त्यात आपापली भर घालतात. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. या उत्पन्नाच्या तुलनेत रिचार्जची रक्कम लहान राहत नाही.

दूरध्वनी ही आता केवळ संभाषणाची सोयही राहिलेली नाही. बँक खाते, शिधापत्रिका, पीक विमा, गॅस नोंदणी, शिष्यवृत्ती यांपैकी अनेक व्यवहारांत भ्रमणध्वनीवर येणाऱ्या सांकेतिक क्रमांकाची गरज पडते. क्रमांक बंद झाला तर नातेवाइकांशी असलेला संपर्क तुटतोच, शिवाय हक्काच्या लाभापर्यंत जाणारी वाटही अडते. प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमानुसार, प्रीपेड क्रमांकाचा वापर ९० दिवस झाला नाही तरच तो बंद करता येतो आणि खात्यात किमान २० रुपये शिल्लक असल्यास तो बंद करता येत नाही. ही तरतूद क्रमांक वाचवते. प्रत्यक्ष बोलण्यासाठी रिचार्ज लागतोच.

नियामकाचा नवा हस्तक्षेप

दर ठरवण्याचा अधिकार न वापरताही ग्राहकाला पर्याय देण्याचे काही उपाय प्राधिकरणाने योजले. ‘महिन्याचा’ रिचार्ज २८ दिवसांत संपतो आणि वर्षात तेरा वेळा पैसे भरावे लागतात, अशी तक्रार होती. जानेवारी २०२२ च्या आदेशाने प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा पर्याय ठेवणे बंधनकारक झाले.

२३ डिसेंबर २०२४ रोजी अधिसूचित झालेली ग्राहक संरक्षण नियमांतील दुरुस्ती ग्रामीण ग्राहकाच्या दृष्टीने अधिक थेट होती. देशात सुमारे १५ कोटी ग्राहक अजूनही साधे फोन वापरतात आणि त्यांना न लागणाऱ्या डेटाचेही पैसे भरावे लागतात, हा मुद्दा त्यामागे होता. केवळ संभाषण आणि लघुसंदेश यांचा किमान एक स्वतंत्र पर्याय देण्याचे बंधन कंपन्यांवर आले. विशेष व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवण्यात आली आणि किमान १० रुपयांचे एक टॉप-अप व्हाउचर कायम ठेवण्यात आले.

खासगी कंपन्यांनी जानेवारी २०२५ पासून असे पर्याय बाजारात आणले. त्यांत ८४ दिवसांचा पर्याय सुमारे साडेचारशे ते पावणेपाचशे रुपयांचा होता; वर्षभराच्या पर्यायासाठी हजार-दीड हजारांहून अधिक रक्कम एकरकमी भरावी लागत होती. दिवसाचा खर्च यात कमी येतो. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला मात्र एवढी रक्कम एका वेळी काढणे जड जाते. पर्याय असावा असे नियम सांगतो. तो किती रुपयांचा आणि किती दिवसांचा असावा हे कंपनी ठरवते.

नव्या कायद्यातील तरतूद

दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या निधीविषयक तरतुदी २६ जून २०२४ पासून लागू झाल्या आणि सार्वत्रिक सेवा दायित्व निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. सेवा कमी पोहोचलेल्या ग्रामीण आणि दुर्गम भागांबरोबर शहरी भागही आता त्याच्या कक्षेत आले आहेत. संशोधन, प्रायोगिक प्रकल्प आणि नवे तंत्रज्ञान यांसाठीही निधी वापरता येतो. प्राधिकरणाचा १९९७ चा कायदा कायम असल्याने दर ठरवण्याचा अधिकारही कायम आहे.

३० ऑगस्ट २०२४ रोजी अधिसूचित झालेल्या निधीच्या नियमांत दोन बाबी लक्षणीय आहेत. सेवेची उपलब्धता आणि परवडण्याजोगेपणा वाढवणे हा योजनांचा एक निकष आहे. महिला, दिव्यांग आणि आर्थिक व सामाजिकदृष्ट्या दुर्बल घटकांपर्यंत लक्ष्यित सेवा पोहोचवणे हा दुसरा. अनुदान मनोऱ्यापुरते न राहता ग्राहकापर्यंत नेण्यासाठी या निकषांचा आधार घेता येऊ शकतो. अमेरिकेत या दोन्ही वाटा आधीपासून आहेत. तेथे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना दूरध्वनीच्या मासिक देयकात सवलत देणारी ‘लाइफलाइन’ योजना १९८५ पासून चालू आहे. ग्रामीण भागातील दर शहरी दरांशी वाजवी प्रमाणात तुलनीय असावेत, हे तत्त्व १९९६ च्या दूरसंचार कायद्यातच नमूद आहे.

सेवेचा दर्जा आणि दाद

स्वस्त पण चालत नसलेली सेवा म्हणजे रास्त सेवा नव्हे. कॉल मध्येच तुटल्यास प्रत्येक वेळी एक रुपया आणि दिवसाला कमाल तीन रुपये भरपाई देण्याचा प्राधिकरणाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०१६ रोजी रद्द केला. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवादर्जाच्या नियमांनी वेगळा मार्ग घेतला. एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक काळ बंद राहिल्यास पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ देण्याची तरतूद त्यांत आहे. कोणत्या भागात कोणती सेवा मिळते, याचे नकाशे कंपन्यांनी संकेतस्थळावर प्रसिद्ध करणेही बंधनकारक आहे.

ग्राहकाला प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे, १९८ या विनाशुल्क क्रमांकावर, तक्रार नोंदवून तिचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. समाधान न झाल्यास ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागणे अपेक्षित आहे. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र खुला आहे. दूरसंचार सेवेतील त्रुटींबाबत ग्राहक मंचाकडे दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

उरलेले अंतर

मार्च २०२४ अखेर शहरी भागात दर शंभर लोकांमागे सुमारे १३४ जोडण्या होत्या. ग्रामीण भागात हेच प्रमाण ५९ होते. शहरात एकाच व्यक्तीकडे दोन जोडण्या असणे आणि स्थलांतरितांच्या जोडण्यांची नोंद शहरात होणे ही या फरकाची काही कारणे आहेत. ती जमेस धरूनही ग्रामीण भागातील मोठा वर्ग स्वतःच्या दूरध्वनीपासून दूर आहे. १९९९ मधील ०.४ पासून ५९ पर्यंतची मजल मुख्यतः मनोरे, तारा आणि स्पर्धा यांनी गाठून दिली. उरलेल्यांपैकी अनेकांच्या गावात मनोरा पोहोचलेला आहे. ‘परवडणाऱ्या व वाजवी दरात’ या २००३ च्या व्याख्येतील शब्दांना त्यांच्या बाबतीत अर्थ मिळण्यासाठी नियामकाकडे दराचा अधिकार आहे आणि सरकारकडे निधीचा नियम आहे. दोन्हींचा वापर ग्राहकाच्या महिन्याच्या खर्चापर्यंत कधी पोहोचतो, यावर पुढचा टप्पा अवलंबून राहील.